ॲल्युमिनियमच्या जॉबसाठी कोणतं कॅम सॉफ्टवेअर घ्यावं?

राजापेठेत माझ्या मावसभावाचं नेमप्लेट आणि रेडियमचं दुकान आहे. मागच्या खोलीत त्याने एक सीएनसी राउटर बसवलाय, ६०४० म्हणतात तो. म्हणजे ६० बाय ४० सेंटीमीटरच्या आसपासचा टेबल, वर हाय-स्पीड स्पिंडल, आणि कंट्रोलसाठी आर्डुइनो बोर्डवर चालणारं जीआरबीएल. आजवर त्यावर ॲक्रिलिक, एमडीएफ आणि देवघराच्या जाळ्या एवढंच व्हायचं. आता बडनेरा रोडकडच्या एका ओळखीच्या वर्कशॉपवाल्याने त्याला ॲल्युमिनियमचे ४० ब्रॅकेट करून मागितले आहेत. प्लेट नागपूरहून आणायची, तीही स्वतःच्या पैशाने. पहिला लॉट नीट गेला तर दर महिन्याला काम, नाही गेला तर प्लेट भंगारात.

त्याचा मेसेज आला, "मले येवढंच सांग न दादा, कोनतं सॉफ्टवेअर घेऊ?"

हा प्रश्न मला इंजिनिअरिंग कॉलेजातली पोरंही विचारतात, कारण रोबोकॉन किंवा बाहाच्या गाडीसाठी हब, नकल, बेअरिंग हाउसिंग असं काही ना काही ॲल्युमिनियममध्ये करायचंच असतं. यूट्यूबवर "टॉप ५ कॅम सॉफ्टवेअर" छाप व्हिडिओ भरपूर आहेत. अडचण अशी की ते सॉफ्टवेअरपासून सुरू होतात. माझं म्हणणं आहे की उलटीकडून या. आधी मशीनचा कंट्रोलर बघा, मग धातूला काय हवंय ते, मग लायसन्स. एवढं झालं की यादीत दोन-तीनच नावं उरतात.

कॅम म्हणजे नेमकं काय करतं?

तुम्ही थ्रीडी मॉडेल काढता ते कॅड. ते मॉडेल प्लेटमधून कोरून काढायला टूल कुठून आत शिरेल, कोणत्या वाटेने फिरेल, किती खोल आणि किती वेगाने जाईल, हे ठरवतं ते कॅम. या वाटेला टूलपाथ म्हणतात. गुगल मॅप्स पत्त्यावरून रस्ता काढतं तसंच, फक्त इथे रस्ता चुकला तर यू-टर्न नसतो, कार्बाइडचा कटर तुटतो. शेवटी हा टूलपाथ जी-कोड नावाच्या टेक्स्ट फाइलमध्ये उतरतो. "जी०१ एक्स५०. वाय२०. एफ७२०" अशा ओळी असतात (फाइलमध्ये रोमन अक्षरांत). अर्थ: सरळ रेषेत एक्स ५०, वाय २० ला जा, मिनिटाला ७२० मिलिमीटर वेगाने.

एक गंमत सांगतो. १९५९ साली अमेरिकेतल्या एमआयटीने एपीटी ही मशीनची प्रोग्रॅमिंग भाषा पत्रकारांना दाखवली, तेव्हा त्या भाषेने कोरलेले ॲशट्रे आलेल्यांना भेट दिले होते. ते ॲशट्रे ॲल्युमिनियमचेच होते! म्हणजे सॉफ्टवेअरने ॲल्युमिनियम कापायचा उद्योग साठ वर्षांहून जुना आहे.

ॲल्युमिनियम मऊ आहे, म्हणूनच त्रास देतो

पुष्कळांना वाटतं की स्टीलपेक्षा मऊ आहे, सहज कापलं जाईल. कापलं जातंच. पण तो चिकटतो. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतो, आणि त्याच्या बराच आधी मऊ, लोण्यासारखा होतो. कटरच्या दातात कीस अडकला, पुन्हा पुन्हा घासला गेला, की तो दातालाच वेल्ड होतो. मग कटर कापत नाही, नुसता रेटतो, आणि दोन सेकंदांत "टक्".

म्हणून ॲल्युमिनियमचा कटर वेगळा असतो. स्टीलला चार दातांचा चालतो, इथे तीन, दोन, आणि छोट्या राउटरवर तर एकाच दाताचा घ्यावा, कारण दात कमी तर कीस बाहेर पडायला जागा जास्त. कोटिंगवालाच हवा असेल तर झेडआरएन किंवा डीएलसी बघा. स्टीलसाठी प्रसिद्ध असलेलं टीआयएएलएन इथे नको. त्या कोटिंगमध्येच ॲल्युमिनियम असतं, त्यामुळे कीस चिकटायला मदतच होते. आणि प्लेट घेताना नुसतं "ॲल्युमिनियम द्या" म्हणू नका. आपल्याकडे एचई३० या जुन्या नावाने मिळते ती ६०८२ ग्रेड, किंवा ६०६१-टी६, या छान कापल्या जातात. भांड्यांच्या पत्र्यासारखं शुद्ध, मऊ ॲल्युमिनियम कापायला सगळ्यात वाईट.

आता टूलपाथकडे या, कारण सॉफ्टवेअर-सॉफ्टवेअरमधला खरा फरक इथे दिसतो.

समजा ब्रॅकेटमध्ये ६० बाय ४० चा, १२ मिलिमीटर खोल पॉकेट आहे. कटर ६ मिलिमीटरचा. साधं सॉफ्टवेअर पॉकेटच्या आकाराच्या एकात एक चौकटी काढतं आणि कटरला त्यावरून फिरवतं. सरळ रेषेत सगळं ठीक. पण कोपऱ्यात काय होतं बघा. कटरचा किती भाग धातूला टेकलेला आहे हे अंशांत मोजतात. अर्ध्या व्यासाचा घास घेतला, म्हणजे ३ मिलिमीटर, तर सरळ रेषेत ९० अंश भाग टेकलेला असतो. काटकोनात वळताना तोच १८० अंश होतो. क्षणभर घास दुप्पट! कटर किंचाळतो तो नेमका कोपऱ्यात, हे ज्यांनी मशीन चालवलंय त्यांना माहीत असेल. मग ऑपरेटर घाबरून सगळ्याच जॉबचा फीड कमी करतो. म्हणजे चार कोपऱ्यांच्या भीतीपायी पूर्ण रस्ता हळू.

ॲडॅप्टिव्ह टूलपाथ हे उलटं करतो. घास छोटा घ्यायचा, व्यासाच्या दहा टक्के, म्हणजे ०.६ मिलिमीटर. पण तो सगळीकडे सारखा ठेवायचा. कोपरा आला की थेट आत घुसायचं नाही, गोल गोल चाटत जायचं. दहा टक्क्यांना टेकलेला भाग साधारण ३७ अंश असतो आणि तो तसाच राहील याची काळजी सॉफ्टवेअर घेतं. वेगवेगळ्या कंपन्यांनी याला वेगवेगळी नावं दिलीत: फ्यूजनमध्ये ॲडॅप्टिव्ह क्लिअरिंग, मास्टरकॅममध्ये डायनॅमिक, सॉलिडकॅममध्ये आयमशीनिंग, कॅमवर्क्समध्ये व्हॉल्यूमिल. आतलं गणित वेगळं आहे, तत्त्व तेच.

यात एक छुपा फायदा आहे. घास इतका पातळ असला की प्रत्येक दात काढतो तो कीसही पातळ होतो. दहा टक्क्यांच्या घासाला कीस दाताच्या फीडच्या साधारण ६० टक्के जाडीचाच निघतो. फार पातळ कीस म्हणजे कापणं नाही, घासणं, आणि घासलं की उष्णता. त्यामुळे फीड वाढवावाच लागतो, अंदाजे दीडपट ते पावणेदोनपट.

मावसभावाच्या राउटरचा हिशेब मी त्याला कागदावर करून पाठवला. स्पिंडल १६,००० आरपीएम, एका दाताचा कटर, दाताला ०.०४ मिलिमीटर. जुन्या पद्धतीने ३ मिलिमीटरचा घास, पण राउटर हलका म्हणून खोली फक्त अर्धा मिलिमीटर, फीड ६४०. एका पॉकेटला ३० मिनिटं. ॲडॅप्टिव्हने ०.६ चा घास, खोली ३ मिलिमीटर, फीड १०५०. नुसतं कापायला सव्वापंधरा मिनिटं, रिकामे फेरे धरून वीसच्या आत. चाळीस ब्रॅकेटला साडेसहा तासांहून जास्त फरक. शिवाय पहिल्या पद्धतीत कटरचं फक्त अर्ध्या मिलिमीटरचं टोक झिजतं, वरची सगळी धार कोरी राहते आणि कटर फेकावा लागतो.

म्हणून पहिली गाळणी हीच: ज्या सॉफ्टवेअरला ॲडॅप्टिव्ह किंवा निदान ट्रॉकॉइडल वाट काढता येत नाही, ते खोल पॉकेटच्या ॲल्युमिनियम कामासाठी घेऊ नका. नुसती भोकं पाडायची आणि पातळ प्लेटची बाहेरची कड कापायची असेल तर मात्र याने काही अडत नाही.

पोस्ट: कोणी न विचारणारा प्रश्न

मी सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे मला हा भाग सगळ्यात आवडतो. कॅमच्या पोटातला टूलपाथ सगळ्या मशीनसाठी सारखाच असतो. तो तुमच्या कंट्रोलरच्या बोलीत उतरवणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे पोस्ट-प्रोसेसर, शॉपफ्लोअरवर नुसतं "पोस्ट". जी-कोड ही एक भाषा आहे असं म्हणतात, पण ती मराठीसारखीच आहे, अमरावतीची वेगळी, कोल्हापूरची वेगळी. फानुक कंट्रोलर कंसात लिहिलेल्याला शेरा समजतो, सीमेन्स अर्धविरामानंतरच्या मजकुराला. खोल भोकासाठी फानुकला जी८३ लागतं, सीमेन्सला सायकल८३.

आणि एक टिंब. बऱ्याच फानुक मशीनवर सेटिंग असं असतं की "एक्स५०." म्हणजे ५० मिलिमीटर, पण टिंब न देता "एक्स५०" लिहिलं तर मशीन ते ५० मायक्रॉन समजतं, ०.०५ मिलिमीटर! एका टिंबाने हजारपट फरक. झेडमध्ये असं झालं तर टूल वर जायच्या ऐवजी जॉबवरूनच आडवं निघतं. चांगली पोस्ट हे टिंब विसरत नाही. इंटरनेटवरून कुठून तरी उचललेली पोस्ट विसरू शकते.

जीआरबीएलची कथा अजून वेगळी. ते मोफत आहे, मस्त आहे, पण आर्डुइनो उनोच्या २ केबी रॅममध्ये बसवलेलं आहे. त्याला जी८१, जी८३ ही ड्रिलिंगची तयार सायकल कळत नाही. टूल बदलायची एम०६ आज्ञा दिली की एरर. म्हणजे जीआरबीएलसाठी सॉफ्टवेअर निवडताना बघायचं की त्याची पोस्ट ड्रिलिंग उलगडून साध्या जी००, जी०१ मध्ये लिहिते का, आणि प्रत्येक टूलची वेगळी फाइल देते का.

यातून अजून एक गोष्ट निघते. ॲडॅप्टिव्हची वाट वळणावळणाची. काही सॉफ्टवेअर ती वळणं शेकडो बारीक सरळ तुकड्यांत लिहितात. १०५० चा फीड म्हणजे सेकंदाला साडेसतरा मिलिमीटर. तुकडा ०.०२ मिलिमीटरचा असेल तर सेकंदाला ८७५ ओळी लागतील. यूएसबी केबलवरून जीआरबीएलला नेहमीच्या १,१५,२०० बॉडने सेकंदाला साडेअकरा हजारांच्या आसपास अक्षरं जातात. वीस अक्षरांची एक ओळ धरली तर पावणेसहाशेच ओळी. बाकीच्या वेळी मशीन वाट बघत थांबतं, झटके खातं, आणि कटर एकाच जागी फिरत घासतो. नेटवर व्हिडिओ बफर होताना दिसतो ना, तेच, फक्त धातूवर. उपाय सोपा आहे, सॉफ्टवेअरमध्ये स्मूदिंग किंवा आर्क-फिटिंग असावं, म्हणजे पन्नास तुकड्यांऐवजी एक कंस लिहिला जातो.

मोठ्या मशीनवर हा त्रास नाही असं समजू नका. एमआयडीसीतल्या जॉबवर्कच्या शेडमध्ये जुनं फानुकवालं व्हीएमसी असेल तर त्याची प्रोग्रॅम मेमरी विचारा. उत्तर मीटरमध्ये येईल! "१६० मीटर" म्हणजे ६४ केबी. पूर्वी प्रोग्रॅम कागदी पट्टीवर भोकं पाडून द्यायचे, ती पट्टी किती मीटर मावेल ते हे माप. तुमच्या व्हॉट्सॲपवरचा एखादा फोटोही याहून मोठा असतो. आपल्या त्या एका पॉकेटचा ॲडॅप्टिव्ह प्रोग्रॅम अर्ध्या मिलिमीटरच्या तुकड्यांत लिहिला तर एका थराला साधारण ८,००० ओळी, म्हणजे १६० केबी. मावणारच नाही. मग केबलने थोडा थोडा पाजावा लागतो (डीएनसी म्हणतात त्याला), किंवा मशीनला कार्डचा स्लॉट असावा लागतो. कॉलेजच्या पोरांनी बाहेरच्या व्हीएमसीवर काम द्यायच्या आधी ऑपरेटरला तीन गोष्टी विचाराव्यात: कंट्रोलर कोणता, मेमरी किती, फाइल कशी घेता. हे न विचारता घरी बसून भारी टूलपाथ काढण्यात काही अर्थ नाही.

आता नावं घेऊ

नेमप्लेटच्या धंद्यात आर्टकॅम हे नाव अजूनही चालतं. ते मुळात इंग्लंडच्या डेलकॅम कंपनीचं. २०१४ मध्ये ऑटोडेस्कने डेलकॅम घेतली आणि २०१८ मध्ये आर्टकॅम बंद केलं. त्याचा वारसा आता कार्व्हको नावाने चालतो. आर्टकॅम काय, व्हीकार्व्ह काय, अक्षरं आणि नक्षीसाठी उत्तम. गणपतीच्या नक्षीला मी दुसरं काही सुचवणार नाही. पण १२ मिलिमीटर खोल ॲल्युमिनियम हा त्यांचा प्रांत नव्हे.

ऑटोडेस्क फ्यूजन. शिकायला सगळ्यात सोपं, यूट्यूबवर मदत सगळ्यात जास्त, पोस्टची मोठी मोफत लायब्ररी. या पोस्ट जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेल्या असतात, म्हणजे वेब डेव्हलपर मित्राला बसवलं तर तोही एखादी ओळ बदलून देईल. ॲडॅप्टिव्ह क्लिअरिंग मस्त आहे. ते मुळात डेन्मार्कच्या एचएसएमवर्क्सचं, ती कंपनी ऑटोडेस्कने २०१२ मध्ये घेतली.

पण मोफत म्हणजे किती मोफत? ऑक्टोबर २०२० पासून वैयक्तिक लायसन्सवर बंधनं आली. एका वेळी दहाच फाइल एडिट करता येतात. जी००, म्हणजे रिकामी जलद चाल, निघत नाही, तिथेही कटिंगच्या फीडनेच मशीन चालतं. एका फाइलमध्ये टूल बदलता येत नाही. राउटरवर याचं फारसं दुःख नाही, कारण त्याची जलद चाल तरी कुठे एवढी जलद असते! व्हीएमसीवर मात्र जाणवतं. ३०० मिलिमीटर रिकामं अंतर मिनिटाला २४ मीटरच्या चालीने पाऊण सेकंदात संपतं, १२०० च्या फीडने पंधरा सेकंद लागतात.

खरी अडचण अटीत आहे. हे लायसन्स घरगुती, बिगर-व्यावसायिक कामासाठी आहे, आणि त्यातून वर्षाला १,००० डॉलरच्या आत उत्पन्न असेल तरच. छंद म्हणून ड्रोनची फ्रेम कापा, हरकत नाही. पैसे घेऊन ४० ब्रॅकेट हा धंदा झाला. विद्यार्थ्यांचं मोफत लायसन्सही शिकण्यासाठीच आहे. कॉलेजच्या गाडीचा हब कापा, पण त्याच लॉगिनवर बाहेरचं जॉबवर्क नको.

फ्रीकॅड. पूर्ण मोफत, ओपन सोर्स, धंद्यासाठीही मोफत. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली आणि पूर्वी पाथ म्हणत ते वर्कबेंच आता कॅम झालं. ॲडॅप्टिव्ह आहे. जीआरबीएल, लिनक्ससीएनसी, फानुकच्या पोस्ट सोबत येतात आणि त्या पायथनमध्ये असतात. इंटरनेट नसलं तरी चालतं, लॉगिन नाही. आता तोटे: दिसायला जुनाट, बटणं शोधावी लागतात, मॉडेलमध्ये मागे जाऊन काही बदललं की टूलपाथ कधीकधी रुसतो. पहिले आठ दिवस राग येईल. मला विचाराल तर एकदा तो राग गिळायचा. टू-अँड-हाफ ॲक्सिस कामाला, म्हणजे पॉकेट, कड, भोकं, सपाट तळ, एवढ्याला ते पुरतं. आपल्याकडच्या बहुतेक ब्रॅकेटमध्ये याहून वेगळं काही नसतं.

एस्टलकॅम. एका जर्मन माणसाने बनवलेलं छोटं सॉफ्टवेअर. विंडोजवर चालतं, पैसे एकदाच भरायचे, ट्रॉकॉइडल आहे, जीआरबीएलशी छान जमतं. नेमप्लेटवाल्या माणसाला त्याचा चेहरा फ्रीकॅडपेक्षा लवकर ओळखीचा होतो. ड्रॉइंग द्विमितीत असेल तर मी हे आधी बघेन.

यावरची मंडळी म्हणजे मास्टरकॅम, सॉलिडकॅम, कॅमवर्क्स. कॅमवर्क्सशी आपलं नातं जवळचं आहे. ते पुढे आणलं जिओमेट्रिक या गोदरेज समूहातून वाढलेल्या मुंबईच्या कंपनीने, आणि २०१७ मध्ये ती एचसीएलकडे गेली. सॉलिडवर्क्स २०१८ पासून त्यात जे सॉलिडवर्क्स कॅम मिळतं, त्याचं इंजिन कॅमवर्क्सचंच. तुमच्या कॉलेजात सॉलिडवर्क्स असेल तर लॅबमध्ये आधी ते उघडून बघा, बऱ्याच पोरांना ते समोर असून माहीत नसतं. ही सॉफ्टवेअर व्हीएमसी रोज दोन शिफ्ट चालत असेल तर पैसे वसूल करून देतात. डीलरशी बोलताना मात्र "किंमत किती" एवढंच विचारून थांबू नका. तुमच्या कंट्रोलरची पोस्ट किमतीत धरली आहे का, ती तुमच्या मशीनवर चालवून देणार का, आणि दुसऱ्या वर्षी किती भरायचं, हे लेखी घ्या.

"पन क्रॅक त सगळेच वापरतात न!"

वापरतात, खरंय. नोकरीच्या जाहिरातीत मास्टरकॅम मागतात, लायसन्स परवडत नाही, मग पेनड्राइव्हवरून क्रॅक फिरतो. मी नैतिकतेचे धडे देत नाही, दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ ब प्रमाणे पायरेटेड सॉफ्टवेअर माहीत असून वापरलं तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. धंद्यासाठी वापरलं नसेल तर कोर्ट कैद माफ करू शकतं, पण ४० ब्रॅकेटचं बिल फाडलं की ती पळवाट गेली. दुसरं, क्रॅकसोबत आलेली पोस्ट कोणी, कोणत्या मशीनसाठी बदलली हे कळत नाही, आणि बिघडलं तर फोन करायला कोणी नाही. टिंबाची गोष्ट आठवा.

फ्रीकॅड नव्हतं तेव्हा "दुसरा मार्गच नाही" हे म्हणणं समजण्यासारखं होतं. आता नाही.

इथल्या हवेचं आणि विजेचं काय?

सॉफ्टवेअरच्या जाहिरातीत वऱ्हाडातला मे महिना नसतो. ॲल्युमिनियम एका अंशाला मीटरमागे २३-२४ मायक्रॉन फुगतो. सकाळी आणि दुपारी जॉबच्या तापमानात २० अंशांचा फरक पडला, पत्र्याच्या शेडमध्ये सहज पडतो, तर १०० मिलिमीटरच्या ब्रॅकेटमध्ये पाच शतांशाच्या जवळपास फरक. बेअरिंगच्या फिटसाठी हे फार झालं. सॉफ्टवेअर याला काही करू शकत नाही. फिनिशिंगचा कट सकाळी घ्या आणि माप जॉब थंड झाल्यावर.

वीज जाण्याला मात्र सॉफ्टवेअर मदत करू शकतं. जॉब अर्ध्यावर असताना लाइट गेली की साधा राउटर आपण कुठे होतो ते विसरतो. त्यामुळे चार ऑपरेशनची एकच लांबलचक फाइल करू नका. रफिंग, तळाचं फिनिशिंग, भिंतीचं फिनिशिंग, भोकं, अशा वेगळ्या फाइल काढा. लाइट आली की होमिंग करून तेवढंच ऑपरेशन परत. म्हणजे फ्यूजनच्या मोफत आवृत्तीत टूलमागे वेगळी फाइल काढावी लागते तो जाच इथे सोयीचाच ठरतो!

मग राजापेठेत काय ठरलं? काम पैशाचं, कंट्रोलर जीआरबीएल, जॉब टू-अँड-हाफ ॲक्सिस, बजेट जवळपास शून्य. चार उत्तरं एका ओळीत ठेवली की फ्यूजन अटीत बसत नाही, मोठी सॉफ्टवेअर परवडत नाहीत, आर्टकॅमचा विषय संपतो. उरतात फ्रीकॅड आणि एस्टलकॅम. मी त्याला फ्रीकॅड सांगितलं, कारण उद्या वर्कशॉपवाल्याने थ्रीडी स्टेप फाइल पाठवली तर तीही त्यातच उघडेल. तुमचा कंट्रोलर फानुक असेल किंवा काम छंदाचं असेल तर तुमचं उत्तर वेगळं येईल, यायलाच हवं.

लॅपटॉप नसेल तरी फोनवर सुरुवात करता येते. किरीमोटो नावाचं मोफत साधन थेट ब्राउझरमध्ये चालतं, त्यात कॅम मोड आहे. खोल ॲल्युमिनियमचा जॉब मी त्यावर करणार नाही, पण मॉडेल टाकून टूलपाथ म्हणजे काय दिसतं हे बघायला छान. आणि एनसी व्ह्यूअर. कोणत्याही सॉफ्टवेअरने काढलेला जी-कोड त्यात पेस्ट करा, टूल कुठून कुठे जातंय ते स्क्रीनवर फिरवून बघता येतं.

फाइल मशीनला द्यायच्या आधी फोनवर एवढं तरी बघाच. सुरुवातीच्या ओळींत जी२१ आहे का, म्हणजे मिलिमीटर; जी२० असेल तर इंच. पहिली हालचाल झेड वर नेणारी आहे का. कटर धातूत सरळ खाली घुसतोय की गोल फिरत उतरतोय. एका दाताच्या कटरला हेलिक्सनेच उतरवा. आणि पूर्ण फाइलमध्ये सगळ्यात खोल झेड शोधा. पॉकेट १२ मिलिमीटरचं असताना तिथे उणे १२.५ दिसलं, तर प्लेट अजून बांधू नका, आधी परत सॉफ्टवेअरमध्ये जा आणि झेडचा शून्य प्लेटच्या वर धरलाय की खाली ते बघा.